एक सुई मागून घेतो, दुसरीला नको म्हणतो



आज मी पाठ, स्वाध्याय किंवा निबंध घेऊन आलेले नाही. आमच्या जळकोटला एकाच आठवड्यात घडलेल्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या तुमच्याही गावात घडत असतील, याची मला खात्री आहे.

सोमवारी दुसरीतल्या एका मुलाची आजी वर्गाच्या दारात आली. आईवडील ऊसतोडीला गेलेले, दोन्ही लेकरं आजीकडे. म्हणाली, "मॅडम, दोन दिवस येणार न्हाई बघा. सर्दी-ताप हाय. सुई मारून आणलंय. पर सलाईन काय लावली न्हाई, म्हणून आता दुसऱ्या दवाखान्यात नेते."

गुरुवारी तीच आजी परत आली. तिची नात पाचवीत आहे. शाळेत टीडीची लस देणार असल्याचा निरोप घरी गेला होता. आजी म्हणाली, "माझ्या पोरीला टोचू नका. चांगली हिंडती-फिरती पोर. निरोगी लेकराला सुई कशाला? ताप आला म्हंजी कोण निस्तरायचं?"

तीच आजी, तीच माया. सोमवारी जिची बहुधा गरज नव्हती ती सुई तिने पैसे मोजून घेतली आणि वर सलाईनसाठी निघाली. गुरुवारी जिची गरज होती, जी फुकट दारात आली होती, ती सुई तिला नको होती.

मी आजीला हसले नाही. तुम्हीही हसू नका. कारण सात-आठ वर्षांपूर्वी मी स्वतः याहून मोठी चूक केली आहे. ती पुढे सांगतेच. आधी मला काय म्हणायचं आहे ते सांगते. औषध निवडताना आपण बहुतेकजण "कोणतं जोरात आहे?" असं विचारतो. विचारायला हवं ते "हे कशासाठी?" हा एक प्रश्न विचारायला शिकवणं हे शाळेचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

विंचवाची गोष्ट

"कशासाठी?" या प्रश्नाने काय होतं, याची आपल्याच मातीतली गोष्ट आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. १९७६ च्या सुमारास ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात लाल विंचू फार. तो चावलेला माणूस घामाने डबडबायचा, ओकायचा, हातपाय थंड पडायचे आणि मग फुप्फुसात पाणी होऊन दगावायचा. गंभीर झालेल्या शंभर रुग्णांपैकी तीस-चाळीस मरत. त्यांत लहान लेकरं पुष्कळ.

उपचार होत नव्हते असं नाही. सवयीने चालत आलेली बरीच इंजेक्शनं दिली जात होती. बावस्कर मात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. हे विष शरीरात नेमकं करतं काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या लक्षात आलं की विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्याचा सगळा भार हृदयावर पडतो. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध हवं. ते होतं प्राझोसिन. रक्तदाबाची साधी गोळी. तिचा वापर सुरू झाल्यावर मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनवर आलं. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं लेखन छापून आलं. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच अभ्यासात असं दिसलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या गोष्टीत जिंकलं ते सगळ्यांत महाग औषध नव्हतं. ती सुईसुद्धा नव्हती. आजार काय करतोय ते पाहून निवडलेली ती एक लहानशी गोळी होती. नंतर आणखी चांगला उपाय हाती आला तेव्हा तोही जोडून घेतला. औषध निवडणं म्हणतात ते हे.

सलाईनमध्ये ताकद किती?

आता आजीच्या सलाईनकडे येऊ. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" हे वाक्य आपण रोज ऐकतो. पाचवी-सहावीच्या मुलांकडून मी हे गणित करून घेतलं. पाच टक्के ग्लुकोजची ५०० मिलीलीटरची बाटली. शंभराला पाच, तर पाचशेला किती? पंचवीस ग्रॅम साखर. म्हणजे पाच-सहा चमचे. त्यातून मिळणारी ताकद जेमतेम अर्ध्या ज्वारीच्या भाकरीएवढी! मुलं चक्रावली. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मग आजीनं भाकरीच दिली असती की."

जे लेकरू तोंडाने पिऊ शकतं, त्याला सर्दी-तापात सलाईनची गरज सहसा नसते. ज्याला पाणीही ठरत नाही, जे ग्लानीत आहे, त्याला सलाईन जीव वाचवते. बाटली तीच. फरक आहे तो "कशासाठी?" याच्या उत्तराचा.

जुलाबाचं पाहा. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे आजचं ओआरएस, रुग्णांना तोंडाने पाजायला सुरुवात केली. पाजत होते ते रुग्णांचे नातेवाईकच. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

म्हणून लेकराला जुलाब लागले तर पहिली निवड ओआरएस आणि झिंक. ओआरएसचं मोठं पाकीट एक लीटर पाण्यात पूर्ण मिसळायचं, अर्धं-अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची. जुलाब चौथ्या दिवशी थांबले म्हणून आपण ती बंद करतो, तसं करायचं नाही. आणि जेवण तोडायचं नाही.

एक सावधगिरी. ओआरएससारख्या नावाने गोड पेयांचे डबे मिळतात. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी असतात, त्याने जुलाब वाढूही शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही पाकीट उलटून वाचा. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा.

शौचात रक्त, डोळे खोल जाणं, लघवी न होणं, पाणी न पिणं, सुस्ती यांपैकी काहीही दिसलं तर मात्र घरी थांबू नका. सरळ दवाखाना गाठा.

खोकल्याची बाटली आणि माझी चूक

आता माझी गोष्ट. माझी लेक चार वर्षांची असताना तिला सर्दी-खोकला झाला. घरात आधीच्या आजारपणातली अँटिबायोटिकची उरलेली बाटली होती. मी शिकलेली, मास्तरीण! दवाखान्यात जायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी केंद्राची बैठक होती. दोन चमचे दिले. रात्री पुन्हा दिले. सर्दी होती तशीच राहिली आणि वर जुलाब लागले. डॉक्टरांनी विचारलं, "हे औषध कोणी सांगितलं?" मी खाली मान घालून उभी होते. वर्गात प्रश्न न आलेल्या मुलासारखी.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला औषधाच्या पाकिटावरची उभी लाल रेघ दाखवली. आपण शिक्षक. आयुष्यभर लाल पेनाने चूक दाखवत आलो. पण गोळ्यांच्या पट्टीवर ती रेघ असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. लाल रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ही रेघ सांगणारी मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढली होती.

सर्दी, घसा धरणं, साधा खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना. विषाणूवर ते चालत नाही. उलट पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि उरलेले वाईट जिवाणू त्या औषधाला निर्ढावतात. पुढे खरोखर न्यूमोनिया झाला तर तेच औषध लागू पडत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल पारितोषिकाच्या भाषणात हा इशारा देऊन ठेवला होता.

खोकल्याच्या सिरपबद्दल तर आता बोलायलाच हवं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात वीसहून अधिक लेकरं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार झाले. त्यांनी घेतलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. हे विष महाराष्ट्राला नवं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला होता. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती.

भेसळ करणारा गुन्हेगार आहे, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. ते काम सरकारचं. पण माझ्या मनात आणखी एक प्रश्न येतो. त्या लेकरांना त्या सिरपची गरज तरी होती का? दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नये आणि पाच वर्षांखाली ते साधारणपणे देऊच नये, अशी सूचना केंद्रीय आरोग्य विभागाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी काढली. बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. भरपूर पाणी, आराम, कोमट पेज, वर्षापुढच्या लेकराला चमचाभर मध एवढं पुरतं. श्वास भराभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, ताप उतरत नसेल तर डॉक्टर. रोगापेक्षा इलाज भयंकर, ही म्हण आपल्या आजी-पणजीने उगीच नाही केली.

तापाचं औषध म्हणजे गणिताचा तास

ताप आला तर पॅरासिटामॉल, इथवर सगळ्यांना माहीत आहे. पण किती? "एक चमचा" हे उत्तर चुकीचं आहे. मात्रा लेकराच्या वजनावर ठरते. साधारण दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता मेडिकलमध्ये दोन बाटल्या ठेवलेल्या असतात. एकीवर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, दुसरीवर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. दिसायला सारख्या.

हे उदाहरण मी फळ्यावर घातलं. वजन १२ किलो, डॉक्टरांनी सांगितली मात्रा १५० मिलिग्रॅम. कोणत्या बाटलीतून किती मिली? मुलांनी एकमान पद्धतीने काढलं. पहिलीतून सव्वासहा मिली, दुसरीतून ३ मिली. "म्हणजे दुसरीचा तेवढाच दिला तर दुपटीपेक्षा जास्त जाईल की मॅडम!" असं एका मुलीने स्वतःहून सांगितलं. संत्री आणि पेन्सिलींच्या किमती काढताना झोपणारा वर्ग त्या दिवशी जागा होता. त्यातल्या तिघांनी घरी जाऊन बाटल्या वाचल्या. एकीच्या घरी मुदत संपलेली बाटली निघाली. जेवणाचे चमचे लहान-मोठे असतात, म्हणून बाटलीसोबतचं मापच वापरायचं, हेही त्यांनीच आईला सांगितलं.

त्या तासात आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मोठ्यांच्या अंगदुखीची उरलेली निमेसुलाईडची गोळी तोडून लेकराला द्यायची नाही. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी तिच्यावर २०११ पासून बंदी आहे. तसंच लेकराच्या तापात ॲस्पिरिन नको, त्याने मेंदू आणि यकृताला इजा होऊ शकते.

आणि पालकहो, किमतीचंही लक्षात घ्या. बाटलीवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं, खाली बारीक अक्षरांत औषधाचं. विकत आपण घेतो ते बारीक अक्षरातलं. जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळू शकतं. चिठ्ठीवरचं मूळ औषधाचं नाव डॉक्टरांना विचारून घ्या. ते विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

निरोगी लेकराला सुई कशाला?

आता गुरुवारचा प्रश्न. आजीचा प्रश्न चुकीचा नाहीच. तिनेही "कशासाठी?" हेच विचारलं होतं. उत्तर द्यायला आपण कमी पडलो.

तहान लागल्यावर विहीर खोदून उपयोग नाही. लसीचं तेच आहे. गोवर झाल्यावर गोवर मारणारं औषध नाही. जीवनसत्त्व 'अ' देतात, पाणी देतात, न्यूमोनिया झाला तर त्याचा उपचार करतात. गोवराला मात्र त्याच्या वाटेने जाऊ द्यावं लागतं. संरक्षण नसलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना तो होऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, मालेगावात, भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला, त्यात लेकरं दगावली. आपल्याकडे गोवराला अजून "बाई आल्या" म्हणतात आणि डॉक्टरकडे न्यायला उशीर होतो.

धनुर्वात झाला तर उपचार असतो, पण तो महाग, लांबलचक आणि तरीही बेभरवशाचा. घटसर्पातही तसंच. या दोघांची आठवण शरीराला करून देणारी लस म्हणजे टीडी. लहानपणी दिलेल्या लसीचं बळ वर्षांनी कमी होत जातं, म्हणून पहिलीच्या वयात, म्हणजे पाच-सहा वर्षांना, डीपीटीचा बूस्टर आणि मग १० व्या व १६ व्या वर्षी टीडी. आपल्या पोरी-पोरांचे पाय दिवसभर शेणामातीत, तारेच्या कुंपणात. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. हेच मी आजीला सांगितलं.

लसीने काहीच होत नाही, असं मी पालकांना सांगत नाही. तसं सांगितलं आणि रात्री ताप आला की आपला शब्द कायमचा जातो. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. काही मुलं सुईच्या भीतीने चक्कर येऊन पडतात, म्हणून खाऊन यावं आणि लसीनंतर अर्धा तास तिथेच बसावं. क्वचित एखाद्याला जोराची ॲलर्जी होते, त्यासाठी तर तो अर्धा तास. आधी कुठल्या लसीने मोठा त्रास झाला असेल, सध्या जोराचा ताप असेल तर आधी सांगावं. साधी सर्दी हे लस टाळायचं कारण नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम झाली ते आठवत असेल. नऊ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना शाळाशाळांत लस द्यायची होती. मोबाईलवर नाही नाही ते निरोप फिरत होते. लसीच्या दिवशी माझ्या वर्गातली सात लेकरं गैरहजर. आशाताई आणि मी घरोघर गेलो. एका वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, तुमच्या पोरीला दिली का?" मी म्हटलं, "दादा, कालच अंगणवाडीत दिली. तिचा दंड बघायचाय का?" दुसऱ्या दिवशी सातपैकी पाच जण आले. माझं तासभराचं भाषण वाया गेलं होतं. एक वाक्य कामाला आलं. लोकांना माहितीबरोबर ती सांगणारा माणूसही पारखून घ्यायचा असतो.

एका सुईबाबत तर विचार करत बसायलाही वेळ नसतो. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची. चुना, तिखट, हळद काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. तिथे कातडीत देतात त्या पद्धतीत पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस मोफत मिळते. जखम खोल असेल तर सीरमही लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, असंच धरून चालायचं. मुलं रागावण्याच्या भीतीने चावा लपवतात. म्हणून वर्गात सांगून ठेवा, "कुत्रं चावलं तर मी रागावणार नाही. आधी मला सांगा."

हे आमचं काम आहे का?

आता माझ्या सहकाऱ्यांशी थोडं. "मॅडम, जनगणना आम्ही, मतदार याद्या आम्ही, खिचडी आम्ही, आता औषधंही आम्हीच?" हा प्रश्न रास्त आहे. अशैक्षणिक कामांच्या विरोधातल्या निवेदनावर माझीही सही आहे. पण याद्या भरणं आणि हे, एकाच रांगेत बसवायला माझं मन तयार नाही. पाकीट वाचणं हे भाषा आहे. मात्रा काढणं हे गणित आहे. विषाणू आणि जिवाणू वेगळे हे परिसर अभ्यास आहे. मोबाईलवर आलेल्या निरोपाला "हे कशावरून?" विचारणं हे तर शिक्षणच आहे.

आणि आपल्या पेशाचा यात जुना संबंध आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याच नावाची संस्था आज परळला आहे. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. आजारी लेकराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठणारी ती शिक्षिका होती. ३ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. त्यांनी हे काम अशैक्षणिक मानलं नव्हतं.

मी काही डॉक्टर नाही. तुम्हीही नाही. औषध लिहून देणं आपलं काम नाही आणि देऊही नये. डॉक्टरांची बाजूही ऐकली आहे. एकदा एका डॉक्टरांनी सांगितलं, "मॅडम, सुई नाही दिली तर पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातो." पालकाचीही अडचण खरी आहे. एक दिवस दवाखान्यात गेला की रोजगार बुडतो, म्हणून त्याला आजच्या आज बरं करणारं काहीतरी हवं असतं. हे कोडं एकट्या डॉक्टरने किंवा एकट्या पालकाने सुटणार नाही. मागणारा शहाणा झाला तर देणाऱ्यालाही नाही म्हणायला बळ येतं.

म्हणून एवढं करू या.

१) पहिलीच्या प्रवेशावेळी माता व बाल संरक्षण कार्ड पाहू. पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर आणि गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेत का, ते विचारू. राहिलं असेल तर आशाताईंकडे नाव देऊ. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना दसऱ्याआधी आठवण करू, की कार्ड सोबत न्या. दुसरा डोस बहुतेक त्या स्थलांतरातच चुकतो.

२) जंतनाशक गोळीच्या दिवशी आधी कारण सांगू, मग गोळी देऊ. आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नये, त्याच्यासाठी नंतरचा दिवस ठेवलेला असतो.

३) पालक सभेत एक रिकामं पाकीट आणि एक बाटली नेऊ. लाल रेघ, मुदत, औषधाचं नाव आणि मात्रा दाखवू. दहा मिनिटं पुरतात.

४) दवाखान्यात विचारायचे चार प्रश्न मुलांना वहीत लिहून देऊ: हे औषध कशासाठी? किती आणि किती दिवस? काय झालं तर परत यायचं? हे नाही घेतलं तर चालेल का?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. पण तोच सगळ्यांत उपयोगाचा आहे.

आजीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. नातवाला त्या दिवशी ती सलाईनला घेऊन गेलीच. मी अडवू शकले नाही. पण नातीच्या वहीत ते चार प्रश्न होते. टीडीच्या दिवशी आजी शाळेत आली, नातीला पुढे केलं आणि सिस्टरला म्हणाली, "टोचा. पर आधी मला सांगा, ही कशासाठी?" सिस्टरने सांगितलं. आजी अर्धा तास व्हरांड्यात बसली, नातीचा दंड चोळायला लागली, तर नातच म्हणाली, "आजी, चोळायचं नसतं."

तुमच्या शाळेत, तुमच्या घरी काय अनुभव आहे, तो इतरांनाही सांगा.